सत्कार साहेबांचा, काम लाईन लीडरचं : मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

परवाचा तुमच्या कार्यक्रमाचा फोटो पेपरात बघितला. तुम्ही शाल घालताय, आमच्या कंपनीचे मोठे साहेब वाकून घेतायत, आणि खाली लिहिलंय की कामाच्या ठिकाणी दिव्यांगांना सामावून घेतलं म्हणून सत्कार. दोघांचंही अभिनंदन. खातं कुठलं आणि कंपनी कुठली ते मी लिहीत नाही, तुम्हाला माहितीच आहे, आणि माझं कंत्राट अजून रिन्यू व्हायचंय.

गेल्या वर्षी ह्याच कार्यक्रमात तुम्ही माइकवरून सांगितलं होतं की पुढच्या वेळेपासून फक्त कंपन्यांना नाही, आत राहून खरं काम करणाऱ्या माणसांना पुरस्कार देणार, साधा कामगार असला तरी चालेल. आमची पॅकिंगची बहिरी पोरं पण आली होती, त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले, त्यांची टाळी तशीच असते. कुणाचं नाव द्यायचं हे आमचं तिथे बसल्या बसल्याच ठरलं होतं.

आमची लाईन लीडर. सगळे तिला बाय म्हणतात, तीही कंत्राटीच. ही पोरं लागली तेव्हा त्यांच्याशी बोलायला कुणालाच येत नव्हतं, सुपरवायझर लांबून ओरडायचा, म्हणजे बहिऱ्या माणसाला ओरडायचा, आणि ऐकलं नाही म्हणून वर मेमो. बायनं मोबाईलवर साइन लँग्वेज शिकायला घेतली. दिल्लीच्या सरकारी संस्थेनं काढलेली डिक्शनरी आहे, दहा हजार शब्द, सगळे व्हिडिओ करून ठेवलेत, फुकट आहे सायब, तुमच्या खात्यातल्या कुणी उघडून बघितली असेल तर मला सांगा. जेवणाच्या सुट्टीत रोज थोडं थोडं शिकली, मग आम्हाला शिकवलं. सायरन वाजला की ह्या पोरांना कळायचंच नाही, सगळे बाहेर आणि हे दोघे आत पॅकिंग करत बसलेले, म्हणून मेंटेनन्सवाल्यांच्या मागे लागून तिनं सायरनसोबत फिरता लाल दिवा लावून घेतला. उद्या आग लागली तर तोच दिवा त्यांचा जीव वाचवणार. माझं मशीन पायानं दाबायचं होतं, माझा उजवा पाय पोलिओनं गेलेला, डाव्यानं दाबून दाबून कंबर मोडायची. ते हातानं चालवायचं करून घेतलं तिनंच. ह्या सगळ्याला कंपनीचा किती खर्च आला असेल? परवाच्या स्टेजवर फुलं होती, त्याच्यापेक्षा कमीच, पैज लावतो.

तर आम्ही फॉर्म आणला. त्यात पहिली अट, शिफारस कंपनीच्या लेटरहेडवर पाहिजे. दुसरी, उमेदवार कंपनीचा कायम कर्मचारी पाहिजे. तिसरी, केलेल्या कामाचे फोटो आणि 'उपक्रमाचं नाव'. उपक्रमाला नाव कसलं हो, तिनं फीत कापून सुरू केलं होतं का? एचआरकडे लेटरहेड मागायला गेलो तर ते म्हणाले ठेवून जा, बघतो. बघितलं त्यांनी नीटच. दिव्याचा फोटो, साइन लँग्वेजचा फोटो, माझ्या मशीनचा फोटो, सगळं साहेबांच्या नावावर गेलं, मशीनच्या फोटोत तर मी पण आहे, हसतोय. आणि बायचं कंत्राट मार्चमध्ये संपलं ते पुढे वाढवलंच नाही. कारण विचारलं तर ऑर्डर कमी आहेत. आता ती म्हापशाला एका दुकानात उभी असते दिवसभर.

मला माझं रडगाणं गायचं नव्हतं पण आता आलंच आहे तर ऐका. मी डिप्लोमावाला माणूस आहे. इंटरव्ह्यूला गेलो की आधी पायाकडे बघायचे, मग सर्टिफिकेटकडे, मग परत पायाकडे. एकानं विचारलं तुम्हाला पेन्शन मिळते ना, मग नोकरी कशाला? घरी आई म्हणायची सरकारी बघ, आपल्या गोव्यात सरकारी लागली की सुटला माणूस. सरकारीत आमच्यासाठी ४ टक्के जागा राखीव आहेत, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३४, आधी १९९५ च्या कायद्यात ३ होते, पाठ आहे मला. पण कधी जागा निघाली तर ती बहिऱ्यांसाठी, कधी अंधांसाठी, पायवाल्याचा नंबर येईपर्यंत वय गेलं. आणि २०२४ ला नोकऱ्यांसाठी पैसे घेतल्याच्या भानगडी बाहेर आल्या, लोकांना अटक झाली, तेव्हा आई गप्प बसली. ती परत सरकारी म्हणाली नाही.

आता कायद्याचंच बोलूया. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ३३ हजार दिव्यांग. तेव्हा अपंगत्वाचे प्रकार कायद्यात ७ होते, आता २१ आहेत, म्हणजे आकडा वाढलेला असणार. निम्मे जरी कामाच्या वयाचे धरले तरी सोळा हजार, हिशोब माझा आहे, चुकला तर तुमच्या खात्यानं खरा छापावा. ह्यातले किती कामाला आहेत? प्रायव्हेटमध्ये ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारनं मालकांना सवलती द्याव्या असं कलम ३५ म्हणतं. सवलत कुणाला दिली, किती दिली, यादी लावा ना कुठेतरी. कंपनीत वीस किंवा जास्त माणसं असली की समान संधीचं धोरण आणि लायझन ऑफिसर, म्हणजे दिव्यांग कामगारांचं बघणारा माणूस, पाहिजे. आमच्याकडे धोरण आहे, इंग्रजीत, फ्रेम करून, रिसेप्शनला, जिथे आम्हाला जायला परवानगी नाही.

पर्पल फेस्ट, म्हणजे गोव्यातला दिव्यांगांचा महोत्सव, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, ते आधीच सांगतो. २०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिलं झालं तेव्हा गेलो होतो, एवढ्या व्हीलचेअर एका जागी आयुष्यात बघितल्या नव्हत्या, बरं वाटलं. पण फेस्ट संपलं की सोमवारी आम्ही परत त्याच गेटवर. तिथे आमच्यासाठी कोण भांडतो? तुम्ही नाही, दिव्यांग आयोग नाही, युनियन तर कंत्राट्यांना मोजतच नाही. बाजूच्या मशीनवरचा माणूस भांडतो. आणि ज्याची स्वतःची नोकरी अकरा महिन्यांची आहे तो दुसऱ्यासाठी किती भांडणार? हे कंत्राटाचं कुणी काढत नाही, कारण कंत्राटदार कुणाचे मेहुणे आहेत ते गावातल्या पोराला पण माहिती आहे. निवडणूक आली की सगळे आमच्या दारात, माझा पाय बघून एकजण तर रडलाच, फोटोग्राफर सोबत होता म्हणा. त्याच्यानंतर तो मला थेट फ्लेक्सवर दिसला.

पुरस्कार द्या, मी नको म्हणत नाही. पूर्वी राष्ट्रीय पुरस्कारांत आम्हाला नोकरी लावून देणाऱ्या प्लेसमेंट ऑफिसरसाठी पण वर्ग असायचा, म्हणजे माणसाला ओळखायची पद्धत नवीन नाही. फॉर्ममधून ते लेटरहेड काढा. नाव आम्ही देऊ, ज्यांना त्या कामाचा उपयोग झाला ते, पाच जणांच्या सह्या घ्या, आणि तुमचा माणूस मशीनपाशी पाठवून विचारा हे कुणी केलं. साहेबाला केबिनमध्ये विचारू नका. कायम कर्मचारी ही अट काढा. आणि ज्याचं नाव आम्ही देऊ त्याचं कंत्राट त्या वर्षात संपलं तर का संपलं ते कंपनीकडून लेखी घ्या.

बायला शाल नको आहे. विचारलं मी तिला फोन करून, म्हणाली शाल घेऊन काय करू, इथे एवढं उकडतं. काम लावून देतात का विचार म्हणाली. विचारतोय.

आपला,
फोंडा तालुक्यातला एक कंत्राटी कामगार

ता. क. साहेबांच्या पुरस्काराच्या फाईलमध्ये माझा जो हसरा फोटो आहे तो माझ्या परवानगीशिवाय लावलाय. तो काढून टाकावा.