स्वॅब फक्त मावशींचाच का?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी निवृत्त परिसेविका. 32 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी प्रसूती आणि शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत. तेव्हा जे बोलायचं धाडस झालं नाही, ते आता लिहिते आहे.

एका रुग्णालयात लागोपाठ सिझेरियनच्या जखमा चिघळू लागल्या. कुठला जंतू आहे ते पाहायला पू कल्चरला पाठवला, एमआरएसए निघाला. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा हा स्टॅफिलोकोकस जंतू 1961 सालीच इंग्लंडमध्ये नोंदला गेला, त्यामुळे त्याचं नवल नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या नाकातले स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने तपासणीचे नमुने, घ्यायचं ठरलं. मावशींचे घेतले, आम्हा सिस्टरांचे घेतले. डॉक्टरांचे 'उद्या घेऊ' म्हणता म्हणता राहूनच गेले. एका कंत्राटी मावशींचा पॉझिटिव्ह आला आणि ठेकेदाराने त्यांना परस्पर घरी बसवलं. अंगात ताप नाही, कुठे फोड नाही. आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग झालाय, एवढंच त्या समजून बसल्या. बायकांच्या जखमा त्यांच्याचमुळे चिघळल्या का, हे कुणी तपासलंच नाही.

साहेब, साधा स्टॅफिलोकोकस साधारण चार माणसांमागे एकाच्या नाकात सुखाने नांदत असतो. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देखरेखीतल्या रुग्णालयांत 2021 साली तपासलेल्या अशा जंतूंपैकी दहातले चार एमआरएसए निघाले. रोज त्याच वॉर्डात राबणाऱ्या बाईच्या नाकात तो शिरला, तर त्यात तिचा काय गुन्हा? कित्येकदा तर तो पाहुण्यासारखा येतो आणि रात्रीत निघूनही जातो. म्हणून स्वॅब ड्युटी सुरू होण्याआधी घ्यायचा असतो. आमच्याकडे तो ड्युटी संपताना घेतला होता.

उपायही अवघड नाही. पाच दिवस नाकात मुपिरोसिन या प्रतिजैविकाचं मलम, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने आंघोळ, मग पुन्हा तपासणी. नेदरलँड्समध्ये असा कर्मचारी सापडला की त्याला रुग्णांपासून दूर ठेवून उपचार करतात आणि मोकळा झाला की कामावर घेतात. एमआरएसएचं प्रमाण तिथे जगात सर्वात कमी असलेल्या देशांतलं आहे.

सगळ्यांचे स्वॅब दरवर्षी घ्या, असं मी म्हणत नाही. ऊठसूट मलम वाटलं तर तेही निकामी होईल. पण साथ आली की सर्जनपासून सफाई कामगारापर्यंत सगळ्यांचे घ्या, अहवाल गुप्त ठेवा, आणि पॉझिटिव्ह आलेल्याला, मग तो कंत्राटी का असेना, भरपगारी रजा द्या. नाहीतर पुढच्या वेळी स्वॅबच्या दिवशी निम्मा स्टाफ आजारी पडेल. मी असते तर मीही पडले असते.

हातांचं मात्र रोजचं आहे. जंतू नाकात बसतो, पण रुग्णापर्यंत जातो तो बहुधा हातावरून. 5 मेचा जागतिक हात स्वच्छता दिन आला की हात धुण्याची पोस्टरं लागतात. रात्रपाळीला मी एकटी आणि 40 रुग्ण. प्रत्येकाला हात लावण्याआधी आणि नंतर मिनिटभर साबणाने धुवायचे म्हटलं, तर एका फेरीत 80 मिनिटं नळाशीच जातात. हँडरबने, म्हणजे हातांना चोळायच्या सॅनिटायझरने, निम्म्या वेळात होतं, पण बाटली भरलेली असेल तर! आणि पुसायला दिवसभर सगळ्यांत मिळून एकच नॅपकिन.

परिपत्रक काढलंत, तर त्याची एक प्रत ठेकेदारांनाही पाठवा. मावशींचा पगार तेच कापतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका