मंदाला, ऐरोलीहून

ऐरोली,
रविवार दुपार

प्रिय मंदे,

फोन केला असता, पण आमच्याकडे भिंतींना कान आहेत, आणि फोनवर तू मला बोलू कधी देतेस? दिवाळीपासून मी तुला एक ओळ पाठवली नाही. शिव्या घालायच्या तर घालून घे आणि मग पुढे वाच. माझी शुगर ताब्यात आहे, गुडघे आहेत तसेच, ह्यांचं बीपी ह्यांच्या स्वभावासारखं.

अगं, आपल्या रेवाची रमा. साडेसात वर्षांची पोर. आंघोळ घालताना छातीला हात लावू देईना, दुखतं म्हणाली. पाहिलं तर एका बाजूला चिंचोक्याएवढी गाठ. रेवाने तिला ठाण्याला, लहान मुलांच्या हार्मोनवाल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मुलींमध्ये आठच्या आत हे वयात येणं सुरू झालं तर लवकर धरतात म्हणे. हाडांचं वय बघायला डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगितलाय. वजन किती, आईची पाळी केव्हा आली, घरात कुणी हार्मोनचं मलम लावतं का, सगळं खोदून विचारलं. बहुतेक मुलींमध्ये कारण सापडत नाही, आणि गरज पडलीच तर इंजेक्शनं देऊन थांबवता येतं, असंही समजावून सांगितलं. बाई चांगल्या आहेत. फक्त आजी कुठे कामाला होती, ते त्यांनी विचारलं नाही. का विचारतील?

डीओपी, मंदे! प्लास्टिक मऊ करायचं आपलं ते तेल. रबाळ्याची आपली लॅब. टँकर आला की सॅम्पल, ॲसिड व्हॅल्यू, घनता, रंग. पिपेट तोंडाने ओढायची, जिभेला लागलं की बेसिनमध्ये थुंकायचं आणि कुळकर्णी साहेबांचा उद्धार करायचा. हात कितीही धुतले तरी तेलकट, आणि त्याच हातांनी डब्यातली पोळी. वॉचमनने तर गेटच्या बिजागऱ्यांना तेच घातलं होतं, आणि वर "मॅडम, खोबरेलपेक्षा भारी" म्हणाला होता. १९९२ च्या उन्हाळ्यात तिथे उभी होते तेव्हा रेवा पोटात होती. तू मात्र कौस्तुभच्या वेळी तिसऱ्याच महिन्यात राजीनामा टाकून मोकळी झालीस, वास सहन होत नाही म्हणून. डीओपीला कसला आलाय वास? मी तुला नाजूक म्हटलं, तू मला हमाल म्हटलंस आणि पुढे वर्षभर आपण तोंड बघितलं नाही. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही, लक्षात ठेव. नोटीस न देता गेलीस, तुझी टायट्रेशनं मी केली.

रात्री झोप येत नाही म्हणून वाचत बसते. पुस्तकात डीओपीला डीईएचपी म्हणतात, थॅलेटांतलं एक. गाभण उंदरिणींना दिलं की पोटातल्या नर पिल्लांचं टेस्टोस्टेरॉन कमी पडतं, हे पक्कं आहे. युरोपात खेळण्यांत ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही, आपल्याकडेही २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचा झाला. आपण पाईपच्या मालात किती ओतायचो, आठवतंय? मुलींच्या लवकर वयात येण्याचं विचारशील तर एक अभ्यास हो म्हणतो, दुसरा नाही. आणि गंमत बघ, ह्यांच्या बायपासच्या वेळी ज्या पिशव्यांतून रक्त चढवलं, त्या पिशव्या मऊ राहतात त्या ह्याच तेलामुळे. वर ते लाल पेशी टिकवायला मदतही करतं! शिव्या तरी कुणाला घालू?

आणि आणखी एक. अमेरिकेत पॅट्रिशिया हंट नावाच्या बाई आहेत. १९९८ मध्ये त्यांच्या लॅबमध्ये कुणीतरी उंदरांचे प्लास्टिकचे पिंजरे भलत्याच डिटर्जंटने धुतले. प्लास्टिक खराब झालं, त्यातून बिस्फेनॉल ए, म्हणजे ते कडक प्लास्टिक ज्याचं बनतं ते रसायन, सुटलं आणि उंदरिणींच्या बीजांडांतली गुणसूत्रं बिघडलेली दिसायला लागली. वाचलं आणि मला आपल्या शांतामावशीच आठवल्या, ब्युरेट धुण्याच्या सोड्याने घासणाऱ्या! हसले, आणि पुढचं वाचल्यावर हसू गेलं. २००७ मध्ये त्यांच्याच गटाने गाभण उंदरिणींना ते दिलं, तर पोटातल्या माद्यांच्या बीजांडांत दोष निघाले. म्हणजे आजीने घेतलं, आणि धोका थेट नातवंडांपर्यंत. ते बिस्फेनॉल, आपलं थॅलेट, मला कळतं. उंदीर आणि माणूस एक नाही, हेही कळतं. पण मुलीची सगळी बीजांडं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात ना गं? मग रमाचं अर्धं बी त्या उन्हाळ्यात आपल्या लॅबमध्येच होतं.

तपासून काही कळेल म्हणावं, तर तेही नाही. हे तेल शरीरातून दिवस-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. तेहतीस वर्षांपूर्वीचा एक थेंब कुठे सापडणार? आज रमाची लघवी तपासली तर कालच्या डब्यातलं आणि परवाच्या रेनकोटातलं सापडेल. कुळकर्णी म्हणायचे, "थोड्याने काही होत नाही." थोडं म्हणजे किती? बिस्फेनॉलची रोजची सुरक्षित मात्रा २०२३ मध्ये युरोपवाल्यांनी एकदम वीस हजार पटींनी खाली आणली. कुळकर्ण्यांना सांगायला हवं होतं, पण ते गेले. साखर होती.

घरात वेगळंच युद्ध. रेवाने प्लास्टिकचे सगळे डबे पोत्यात भरले, जावईबापू एकेक बाहेर काढतायत. शेवटी जांभळी नाक्यावरून स्टीलचे आणले, त्यांची झाकणं लागत नाहीत. रेवाचं डोकं फिरलंय ते मला पटतं, पण सगळा दोष डब्यांना देऊन ती शांत झाली की मला आणखी बोलवत नाही.

परवा खाडीवर गेले होते. फ्लेमिंगो पाहायला गर्दी, पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत नाव आल्यापासून तर विचारू नकोस. मी चिखलाकडे बघत होते. जहाजांच्या रंगात ट्रायब्युटिल टिन असायचं, त्याने समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटायचं. २००८ मध्ये त्यावर जगभर बंदी आली. आपल्या लॅबच्या बेसिनचं पाणी कुठे जायचं, कधी विचारलं होतंस? मीही नाही. नाला आणि मग हीच खाडी.

कौस्तुभच्या बायकोला कितवा लागला? सातवा ना? नाशिकचं घर विकू नकोस, निदान यंदा तरी. दात काढलास का? गरम आमटी प्लास्टिकमध्ये भरून तिच्या हाती देऊ नकोस, एवढं ऐक.

आता कामाचं. गुरुवारी एक्स-रे घेऊन परत जायचंय. बाईंना सांगू का, की आजी डीओपीच्या लॅबमध्ये होती? उपचार बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण रेवा शेजारी बसलेली असणार. ती केमिस्ट्रीवाली नाही, तिला हो-नाही असं उत्तर लागतं, आणि ते माझ्यापाशी नाही. उगाच माझ्या तोंडाकडे बघत राहील. तू त्या लॅबमधून वेळेत उठून गेलीस, म्हणून तुलाच विचारतेय. बुधवारच्या आत कळव. फोन केलास तर दुपारी दोननंतर कर, तेव्हा हे झोपलेले असतात.

तुझी,
हमाल