आई, शपथ घेत नाही, पण सगळं सांगते

विनिपेग, कॅनडा, फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आई जे बोलली त्यावर मी नुसतं हं हं करून वेळ मारून नेली. छोटूचा स्केटिंगचा व्हिडिओ मी पाठवला कौतुकाने, आणि आईला त्यात दिसलं एवढंच, की नातवाच्या पायाखाली नदी आहे. “पुन्हा त्याला तिथे नेणार नाहीस, माझी शपथ घे.” आई, शपथ घेत नाही. घेतली तर पुढच्याच शनिवारी मोडावी लागेल. बाबांना फोनवर नीट ऐकू जात नाही आणि तुझं-माझं बोलणं दोन मिनिटांत भाजी काय केलीस यावर येतं, म्हणून लिहून पाठवते आहे. दादाला मोठ्या टायपात प्रिंट काढून द्यायला सांगा.

तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तुम्ही दोघं मिरजेला मावशीकडे आणि मी इथे रात्रभर मोबाइल हातात धरून बसलेली. आपल्या घरात नदी म्हणजे आधी ओटी भरायची, मग लांबून नमस्कार करायचा आणि श्रावणात तिच्या पातळीवर डोळा ठेवायचा. तिच्यावर चालायचं हे आपल्या डोक्यात बसत नाही. माझ्याही बसत नव्हतं. पहिला हिवाळाभर मी काठावरच्या कठड्याला धरून उभी राहिले, खाली गेले नाही.

आधी थंडीचं सांगते, म्हणजे बाकीचं पटेल. जानेवारीत इथलं सरासरी तापमान उणे सोळाच्या आसपास असतं. रात्री उणे पंचवीस-तीस झालं तर शेजारीपाजारी त्याचा उल्लेखही करत नाहीत. वारा सुटला की अंगाला ते उणे चाळीससारखं लागतं, आणि तेव्हा उघडी कातडी दहा मिनिटांतही गोठू शकते. गाडीच्या इंजिनाला विजेचा हीटर बसवलेला असतो. रात्री त्याची वायर प्लगमध्ये खोचली नाही तर सकाळी गाडी सुरू होईलच असं नाही. संक्रांतीला मी खिशात तिळगूळ घेऊन मैत्रिणींकडे गेले. तिथे पोचेपर्यंत वड्या अशा झाल्या की गोड बोलायच्या आधी दाताच्या डॉक्टरची चौकशी करावी लागली.

अशा थंडीतही नदी एका रात्रीत गोठत नाही. नोव्हेंबरात काठाला पातळ पापुद्रा धरतो. मधल्या धारेत बर्फाचे बारीक कण तरंगायला लागतात, ते एकमेकांना चिकटतात, आणि मग थालीपिठाएवढे, पुढे परातीएवढे गोल तुकडे वाहत येतात. एकमेकांवर घासून त्यांच्या कडा उचललेल्या असतात. त्या दिवसांत पुलावर थांबलं तर खालून सारखी खसखस ऐकू येते. मग कधीतरी एखाद्या वळणावर ते अडकतात, मागचे येऊन थडकतात आणि पात्र झाकलं जातं. बाबा, तुम्हाला हे सांगायला नको, पाणी चार अंशांना सगळ्यात जड. त्याहून थंड झालं की हलकं होतं, आणि बर्फ तर त्याहून हलका, म्हणून तो वरच राहतो. तळ्याचं पाणी शांत, ते गुळगुळीत गोठतं. नदीची धार पाणी घुसळत राहते, म्हणून नदी उशिरा आणि ओबडधोबड गोठते. खाली ती वाहतच असते. मासेसुद्धा असतात. शहराच्या खालच्या अंगाला लोक बर्फाला भोक पाडून, वर तंबू ठोकून गळ टाकून बसतात. हा छंद मला अजून समजलेला नाही.

आपल्या हरिपूरला कृष्णा आणि वारणा भेटतात, तसा इथे रेड आणि असिनिबोइन या नद्यांचा संगम शहराच्या ऐन मध्यावर आहे. त्या जागेला द फोर्क्स म्हणतात. देऊळ नाही, पण माणसं तिथे सहा हजार वर्षांपासून येत आली आहेत. मधल्या काळात ते रेल्वेचं यार्ड होतं, आता तिथे बाजार आहे, आणि मानवी हक्कांचं ते मोठं काचेचं संग्रहालय, ज्याचा फोटो बाबांनी वर्तमानपत्रात पाहिला होता. थंडी पक्की झाली की संगमापासून नदीवरचं भुसभुशीत बर्फ बाजूला सारतात, खालच्या बर्फावर पाणी सोडून तो गुळगुळीत करतात आणि वाट आखतात. एक पट्टा स्केट घालणाऱ्यांसाठी, एक चालणाऱ्यांसाठी. २००८ मध्ये ही वाट ८.५४ किलोमीटर होती आणि जगातली सगळ्यात लांब, निसर्गतः गोठलेली स्केटिंगची वाट म्हणून गिनेस बुकात गेली. त्यावर ऑटावाकर रुसले, कारण त्यांचा गोठलेला कालवा क्षेत्रफळाने मोठा. सांगली आणि कोल्हापूरचं जे आहे तेच. पुढे ब्रिटिश कोलंबियातल्या एका सरोवराने विक्रमच पळवला. तेव्हापासून इथे त्या विषयावर फारसं कोणी बोलत नाही.

आता आईचा मुद्दा. बर्फ फुटला तर?

फुटतो, आई. माणसं पडतातही. म्हणून इथल्या अग्निशामक दलाची पथकं दर हिवाळ्यात बर्फातून माणूस बाहेर काढायचा सराव करतात. ज्यांचा जन्म इथे गेला ते नदीला आपल्याइतकेच घाबरतात, फक्त त्यांची भीती मापं घेऊन चालते. एका माणसाला चालायला निदान दहा-पंधरा सेंटिमीटर चांगला बर्फ लागतो, छोट्या गाडीला तीसच्या आसपास. चांगला म्हणजे निळसर, आरपार दिसणारा. पांढरा, बर्फवृष्टीचा चिखल गोठून झालेला बर्फ तेवढ्याच जाडीचा असला तरी निम्म्या ताकदीचा धरतात. वाट उघडण्याआधी कर्मचारी भोकं पाडून जाडी मोजतात, आणि हवा बदलली की पुन्हा मोजतात. पुलांच्या खांबांजवळ आणि पावसाळी गटारांची तोंडं नदीला मिळतात तिथे बर्फ वरून सारखाच दिसतो, पण आत पातळ असतो, कारण गटाराचं पाणी तेवढं थंड नसतं. तुझे जावई या बाबतीत तुझ्यापेक्षा भित्रे आहेत, हे ऐकून तुला बरं वाटेल. आमच्याकडे नियम असे: वाट उघडल्याचं जाहीर झाल्याशिवाय पायऱ्या उतरायच्या नाहीत, आखलेल्या पट्ट्याबाहेर चेंडू गेला तर चेंडू नदीचा, आणि हवा गरम व्हायला लागली की मन कितीही धावलं तरी बंद म्हणजे बंद. २०२४ च्या हिवाळ्यात थंडीच पडली नाही, वाट जेमतेम काही दिवस उघडली. आम्ही काठावरून बघून परत आलो. छोटूने रस्ताभर भोकाड पसरलं होतं.

आवाजाचं मात्र आधी कोणी सांगितलं नव्हतं. थंडी एकदम वाढली की बर्फ आकसतो आणि त्याला लांबच लांब तडे जातात. पायाखालून एक दबका धडाका निघतो आणि नदीभर पळत जातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी छोटूला काखेत मारून काठाकडे धूम ठोकली. समोरून येणाऱ्या आजोबांनी टोपीला हात लावला आणि म्हणाले, “आज रात्री गारठा वाढणार.” बस, एवढंच.

बाबांसाठी एक मजेची गोष्ट. वाटेवर ठिकठिकाणी ऊब घ्यायला खोपटी उभारतात आणि त्यांची दरवर्षी स्पर्धा असते. जगभरातले वास्तुरचनाकार आराखडे पाठवतात. २०१२ मध्ये फ्रँक गेरी यांच्या कचेरीने एक केलं होतं. २०१७ मध्ये आपल्या मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनीश कपूर यांनी बर्फाच्या ठोकळ्यांचं रचलं. दोन्ही आम्ही यायच्या आधीची, त्यामुळे पाहिलेली नाहीत. आणि बघायला उरणार कुठून? मार्चमध्ये कपूरसाहेबांचं काम नदीला परत. यंदाच्या एका खोपटात आत मेंढीच्या लोकरीसारखं काहीतरी लावलंय. त्यात बसून थर्मासमधला चहा प्यायला की बाहेर निघावंसं वाटत नाही. दोन घोट घेईपर्यंत कपाच्या झाकणावर बर्फ धरलेला असतो. बाहेर एकजण स्केटवरून कामाला निघालेला, पाठीवर लॅपटॉपची बॅग.

पण तुम्ही पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलंत, तुम्हाला खरी गोडी लागेल ती पुराची. रेड नदी उत्तरेकडे वाहते. म्हणजे उगमाकडचा प्रदेश दक्षिणेला, अमेरिकेत, तिथे वसंत आधी येतो. तिकडचं बर्फ वितळून पाणी निघतं आणि खाली बघावं तर नदी अजून गोठलेली. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून तुम्ही आणि काका जेवणाच्या पानावर भांडायचात ना, इथे धरणाशिवायच तसं तुंबतं. त्यातून जमीन ताटासारखी सपाट, एका जुन्या हिमयुगीन सरोवराचा तळ आहे ही. पाणी चढलं की पसरतच जातं. १९५० च्या पुरात लाखभर लोकांना शहर सोडावं लागलं. मग डफ रॉब्लिन नावाच्या इथल्या मुख्यमंत्र्याने शहराला वळसा घालून ४७ किलोमीटरचा कालवा खणायला घेतला. १९६२ ते १९६८ काम चाललं. लोकांनी “डफचा चर” म्हणून थट्टा केली, पैशाची नासाडी म्हणाले. १९९७ मध्ये सीमेपलीकडचं, अमेरिकेतलं ग्रँड फोर्क्स शहर बुडालं आणि विनिपेग बहुतांशी कोरडं राहिलं, तेव्हापासून चर हा शब्द लोक अभिमानाने वापरतात. शिवाय हिवाळा सरत आला की शहराच्या उत्तरेला, सेल्कर्कच्या बाजूला, यंत्रं उतरवून नदीच्या बर्फात लांब खाचा पाडतात, मग तरंगती यंत्रं त्याचे तुकडे करतात, म्हणजे वसंतात बर्फ अडकून बंधारा होऊ नये. बाबा, हे बघायला तुम्ही इथे हवे होतात. तासन्‌तास उभे राहिला असतात आणि तुम्हाला घरी आणायला मला ओरडावं लागलं असतं.

आणि आई, मी जाते ते नुसत्या मौजेसाठी नाही, हे तुला फोनवर सांगता येत नाही. इथे नोव्हेंबर ते मार्च माणूस दिसत नाही गं. घरातून गाडीत, गाडीतून कामावर, डिसेंबरात तर संध्याकाळी साडेचारला अंधार. आमच्या मजल्यावर कोण राहतं ते मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. ती समोरची फिलिपिनो बाई, जिच्याबद्दल मी सारखं सांगते, ती मला लिफ्टमध्ये नाही, नदीवर भेटली. मी पडले होते आणि तिने हात दिला. आता तिची मुलगी छोटूला स्केट शिकवते आणि मी तिला पोहे खायला घालते. पेन्शनीतले लोक, कॉलेजची पोरं, तान्ही बाळं घसरगाडीत घालून ओढणारे बाप, सगळे शनिवारी तिथेच असतात. आपल्या घाटावर संध्याकाळी जसे तुझ्या ओळखीचे दहाजण भेटायचे, तसे मला इथे भेटतात ते फक्त नदी गोठल्यावर. उन्हाळ्यात हीच माणसं आपापल्या अंगणात असतात. त्यामुळे जाणारच. हेल्मेट घालतो, पट्ट्यातून चालतो आणि घरी आल्यावर तुला मेसेज करत जाईन, एवढं कबूल.

तुम्ही जूनमध्ये या म्हणता. जूनमध्ये डास आहेत, इतके की बाबा दोन दिवसांत तिकीट बदलतील. पुढच्या वर्षी जानेवारीच्या शेवटी या. कोट, बूट सगळं इथे घेऊ, आईच्या गुडघ्यांसाठी ढकलायची खुर्ची मिळते, तिला बर्फावर पाऊल टाकायचीसुद्धा गरज नाही. विम्याचं मी बघते. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा, सुट्टी त्याप्रमाणे टाकते. थेंबांची वेळ चुकवू नका, दादाच्या भरवशावर राहू नका.

तुमची,
चिमी

ता. क. मेतकूट पाठवताना या वेळी डब्यात नको, दुहेरी पिशवीत भर. मागच्या वेळचं झाकण उघडून सगळं पार्सल पिवळं झालं होतं. आणि छोटूला मराठीत चार ओळी लिहा, मोठ्या अक्षरात. वाचतो हल्ली.