कोटेशनवर नुसतं ‘आय७’ लिहून भागवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नवा कॉम्प्युटर कसा जोडावा याच्यावर लेख आला होता तो वाचला. सोपा होता, मुलांना समजेल असा होता, पण त्यातलं एक वाक्य वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. जितके कोर (म्हणजे प्रोसेसरमधले काम उरकणारे भाग) जास्त तितका कॉम्प्युटर फास्ट, असं छापलंय तुम्ही. आता हेच वाक्य घेऊन लोक दुकानात जाणार आणि दुकानदाराला तर तेच पाहिजे असतं, म्हणून हे पत्र. लांब झालं तर कापा, पण आकडे तेवढे कापू नका.

माझं गोव्यात फोंड्याला छोटंसं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं, दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, चवथीच्या दिवसात माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची आरास) स्पर्धेची सर्टिफिकेटं, हेच आमचं काम. मुलगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, शिवाय देवळांच्या उत्सवात नाटकं होतात त्यांचं शूटिंग. दुकानातल्या दोन्ही मशीन विंडोज १० वर चालायच्या, तो सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला, आणि ११ टाकायला गेलो तर मशीन म्हणते तुमचा प्रोसेसर चालत नाही, कारण इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा पाहिजे आणि एएमडीचा साधारण रायझन २००० पासून पुढचा, आणि माझे दोन्ही चौथ्या जनरेशनचे. म्हणजे नवं घेणं आलंच.

तीन दुकानांत कोटेशन मागितलं. त्यातलं एक व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, एका ओळीत: आय७, १६ जीबी, ५१२ एसएसडी, २२ हजार, फायनल. आय३, आय५, आय७, आय९ ही इंटेलच्या प्रोसेसरची नावं, दरवर्षी तीच, म्हणून फोन करून विचारलं कुठला आय७, तर पलीकडून उत्तर, "आय७ म्हणजे आय७ पात्रांव, त्याच्या वर काय नाय!" मग प्रत्यक्ष गेलो, कुलर काढायला लावला, वरची पेस्ट टिश्यूने पुसली, आणि खाली अक्षरं दिसली आय७-४७७०. हा २०१३ सालचा प्रोसेसर, चार कोर आणि आठ थ्रेड (एकेक कोर एकावेळी दोन कामं सांभाळतो, ते थ्रेड). कॅबिनेट कोरी करकरीत, आत लाल-निळे लाइट फिरताहेत आणि मधे बसलाय हा म्हातारा, बारा-तेरा वर्षांचा. ह्याच्यावर विंडोज ११ रीतसर बसतच नाही, म्हणजे जे दुखणं घेऊन गेलो तेच पैसे देऊन परत घेऊन आलो असतो. खोटं म्हणाल तर तो दुकानदार एक अक्षर खोटं बोलला नाही. आय७ होताच की तो!

आता गंमत बघा. २०२२ साली आलेला आय३-१२१०० हा पण चार कोर आणि आठ थ्रेडचाच, नावाला आय३, पण तो ह्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो. कोर तेवढेच, थ्रेड तेवढेच, मग फरक कुठून आला? आतल्या घड्याळाच्या एका ठोक्यात प्रत्येक कोर किती काम उरकतो ते नऊ वर्षांत पार बदललं, कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी झटपट मेमरी) वाढली, रॅम वेगळी आली. साखळीला माझा भाचा आहे, त्याच्याकडे २०१८ चा रायझन ५ २६०० होता, सहा कोर बारा थ्रेड. २०२२ चा रायझन ५ ५६०० पण सहा कोर बारा थ्रेड. दोन्ही बोर्डावरच्या एकाच सॉकेटमध्ये (खाचेत) बसतात आणि तरी दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून म्हणतो, कोर मोजून कॉम्प्युटर घेणं म्हणजे माशाच्या वाट्यात बांगडे किती आहेत तेवढंच मोजायचं आणि ते आजचे की परवाचे ते विचारायचंच नाही.

बरं, कोर चांगले असले तरी जास्त घेऊन उपयोग किती, ते कामावर आहे. आमच्या घरी चवथीला नेवऱ्या (करंज्या) करतात तेव्हा लाटायला चार जणी बसतात, चून (सारण) भरायला दोघी, आणि तळायला वहिनी एकटी, कारण कढई एकच. एका वर्षी पाहुण्या जास्त होत्या तर लाटायला आठ जणी बसवल्या. झालं काय, ताटं कच्च्या नेवऱ्यांनी भरून गेली, कडा सुकायला लागल्या आणि वहिनी घामाने निथळत तेवढ्याच वेगाने तळतेय! कॉम्प्युटरचंही तेच आहे, आणि हे काय माझं डोकं नव्हे, जीन अ‍ॅमडाल नावाच्या इंजिनिअरने १९६७ साली हे मांडलंय. कामाचा दहा टक्के भाग जर एकामागून एक असाच करावा लागत असेल तर सोळा कोर लावून काम साधारण ६.४ पटच फास्ट होतं, आणि कोर हजार लावले तरी दहापटीच्या वर जात नाही. निम्मं काम तसलं असेल तर दुप्पट झालं की संपलं, पुढे पैसे वाया.

ज्याला पटत नसेल त्याने आपल्याच मशीनवर बघावं. टास्क मॅनेजर उघडायचा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे थ्रेड, दाखवायला सांगायचं. मुलाच्या मशीनवर बारा चौकोन दिसतात. मी कोरल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिकेचा गणपती इकडून तिकडे हलवला, सावली दिली, मशीन अडकली, आणि तेव्हा चौकोनांत बघा तर एखाददुसरा उड्या मारतोय, बाकीचे बसलेत आरामात. मुलगा ब्लेंडर ह्या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टायटल रेंडरला (शेवटची चित्रं तयार करायला) लावतो तेव्हा मात्र बाराच्या बारा चौकोन गच्च भरतात आणि पंखा ओरडायला लागतो. त्याला कोर पाहिजेत, मला एक-दोन तगडे पाहिजेत. एकाच घरात ही दोन उत्तरं, तर तुमच्या पुरवणीच्या सगळ्या वाचकांना एक कसं चालेल?

शिवाय हल्ली कोर म्हणजे नक्की काय मोजायचं हाच घोळ आहे. इंटेलचा आय५-१४४०० दहा कोरचा म्हणतात, पण त्यात सहा मोठे आणि चार छोटे, मोठ्याला दोन आणि छोट्याला एक असे थ्रेड सोळा. आय७-१४७०० वीस कोरचा, त्यातले मोठे आठच, बारा छोटे, थ्रेड अठ्ठावीस. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलचे कोअर अल्ट्रा २०० आले त्यात हायपरथ्रेडिंगच (एका कोरवर दोन थ्रेड चालवायची सोय) काढून टाकलं, त्यामुळे अल्ट्रा ७ २६५के वीस कोर आणि वीसच थ्रेड. आणि रायझन ७ ७७०० आठ कोर सोळा थ्रेड, सगळे सारखे. आता वीस विरुद्ध आठ असं पाटीवर लिहिलं तर सामान्य माणूस वीस घेणार, त्याची काय चूक? छोटे कोर निरुपयोगी आहेत असं नव्हे, रेंडरला ते चांगले राबतात, पण वीस म्हणजे आठाच्या अडीचपट हा हिशोब चुकीचा. एएमडीचा पण जुना किस्सा आहे, २०११ ला त्यांनी एफएक्स ८१५० आठ कोरचा म्हणून आणला, त्यात दोन-दोन कोरांना दशांशाची गणितं करणारा भाग एकच वाटून दिलेला. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये कंपनीने १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड केली. म्हणजे आठ कोर म्हणजे आठच का, हा प्रश्न कोर्टापर्यंत गेलेला आहे, मी काय एकटाच चिकित्सक नाही.

आता प्रोसेसरच्या नंबराच्या शेपटीच्या अक्षराचं सांगतो, कारण त्यात मी स्वतः हात भाजून घेतलाय आणि त्यात दोष माझाच. तीन वर्षांपूर्वी मुलाची मशीन घरीच जोडली. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ असे दोन होते, एफ थोडा स्वस्त, कोर तेच सहा, थ्रेड तेच बारा, मी म्हटलं मग महाग कशाला. ग्राफिक कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ. रात्री नऊला बटण दाबलं, पंखे फिरले, लाइट लागले आणि मॉनिटर काळा. रॅम काढली, खोडरबरने घासली, परत लावली. काळा. केबल बदलली, शेजाऱ्याकडून मॉनिटर आणला. काळा. बाराला बायको म्हणाली झोपा आता. दुसऱ्या दिवशी अकरावीतला एक पोरगा झेरॉक्सला आला, त्याने बॉक्स उलटा करून वाचला आणि म्हणाला, "काका, एफ आहे, ह्याला डिस्प्ले नाय." मदरबोर्डला एचडीएमआयचं भोक आहे, पण एफवाल्या प्रोसेसरच्या आत चित्र काढणारा ग्राफिक्सचा भागच नाही! कार्ड येईपर्यंत मशीन टेबलावर शो-पीस.

आणि कार्ड आलं तरी गोष्ट संपली नाही. आताचे कॅमेरे १० बिट ४:२:२ ह्या जास्त रंगांच्या प्रकारात शूट करतात, ते एचईव्हीसी पद्धतीने दाबून भरलेलं फुटेज टाइमलाइनवर टाकलं की मशीन अडखळते, बारा थ्रेड असून. इंटेलच्या बाराव्या जनरेशनच्या आतल्या ग्राफिक्सला, त्याला क्विक सिंक म्हणतात, हे फुटेज उलगडता येतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ती सोय आली २०२५ च्या आरटीएक्स ५० सिरीजपासून. म्हणजे मी त्या एका एफपायी जे वाचवलं ते पोरगा आजतागायत प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या नकला) बनवत बसून फेडतोय. रायझनवाल्यांनीही बघून घ्या, ५६०० ला ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे पण त्याची एल३ कॅश ३२ ऐवजी १६ एमबी. एकेका अक्षराला किंमत आहे.

गोव्याच्या हवेचं कुणी लिहीतच नाही. मे महिन्यात दुकानात एसी नाही, दारातून लाल माती येते, आणि पोरांना पाहिजे शेवटी के असलेला, वेग आणखी चढवता येणारा आय९. आय९-१४९००के पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत जातो, तेवढी उष्णता त्या खोलीतच बसणार. पावसात तर लाईट दिवसातून चारदा लपंडाव खेळते, म्हणून यूपीएस आधी आणि प्रोसेसर मागाहून असं मी तरी सांगेन. जुने तेराव्या-चौदाव्या जनरेशनचे आय७, आय९ स्वस्तात विकायला येतात तिथे तर जास्तच सांभाळा, त्यात व्होल्टेजचा घोळ होता, ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा) अपडेट काढला आणि बॉक्सवाल्यांची वॉरंटी दोन वर्षं वाढवली, पण जो प्रोसेसर आधीच बिघडलाय तो अपडेटने बरा होत नाही हे त्यांनीच सांगितलंय. बॉक्स (कंपनीच्या डब्यातला) की ट्रे (डब्याशिवाय सुटा) ते पण विचारा, ट्रेवाल्याची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर.

रॅमचे भाव तर गेल्या दिवाळीपासून विचारूच नका. सगळ्या चिप एआयच्या डेटा सेंटरला चालल्यात, मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. डीडीआर४ ही जुन्या प्रकारची रॅम पण वाढलीय, पण घरात जुनी पडलेली असेल तर सोनं समजा. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटच्या बोर्डाला डीडीआर५ शिवाय चालत नाही, जुन्या एएम४ ला डीडीआर४, आणि इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, एकात दुसरी बसत नाही, तिथे पण लोक फसतात. भाच्याने शहाणपणा केला, तोच बी४५० हा एएम४ बोर्ड, तीच डीडीआर४ रॅम ठेवली, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, ते चढताना लाईट गेली तर बोर्ड बिघडू शकतो) अपडेट केलं आणि २६०० काढून रायझन ७ ५७००एक्स बसवला, आठ कोर सोळा थ्रेड. बायोस चढत असताना बाहेर गडगडत होतं, तो यूपीएसवर हात ठेवून बसला होता, आणि मला फोन, "मामा, लाईट गेली तर?" गेली नाही. ५७००एक्सच्या बॉक्समध्ये कुलर येत नाही हे मात्र त्याला बॉक्स उघडल्यावर कळलं.

तर माझी विनंती दोन ओळींची आहे. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा वाचकांना सांगा की कोटेशनवर आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट, बॉक्स की ट्रे ते लिहून घ्या, सिरियल नंबर लिहून घ्या. आणि जे दुकानदार तुमच्या पेपरात ‘आय७ कॉम्प्युटर फक्त अमुक रुपयांत’ म्हणून जाहिरात देतात त्यांच्याकडून निदान जनरेशन तरी छापून घ्या, जागा लागते ती चार अक्षरांची.

दुकानासाठी मी साधा आय५-१२४०० ठरवलाय, एफ नसलेला, डीडीआर४ बोर्डावर. मुलगा १४७०० वर अडून बसलाय, क्विक सिंकसाठी म्हणतो, त्याचं आमचं अजून जमलेलं नाही. दोन्हींचं कोटेशन पूर्ण नंबरासकट द्या म्हणून परवा तिन्ही दुकानांना मेसेज टाकलाय. एकाने अंगठा दाखवलाय, बाकीच्या दोघांच्या निळ्या टिक दिसताहेत.

आपला,
एक वाचक, फोंडा