आवाहन : मिरगाच्या आत मलप्रभेच्या डोहांसाठी हातभार लावा

समस्त ग्रामस्थ, शेतकरी व भोई बांधव, महिला मंडळं आणि पुण्या-मुंबईला, गोव्याला कामाला असलेली आपली पोरं यांस,

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ निघालेली मलप्रभा असोग्याच्या रामलिंगापर्यंत येते, त्या पट्ट्यात देशी मासा घटलाय हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको. बाजारातली टोपली बघा : आपली देशी कोलशी क्वचित, बाहेरून आलेली चिलापी (तिलापिया) ढीगभर.

सुरुंग, ब्लीचिंग पावडर, करंट हे प्रकार वाईटच. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पण आपल्या स्वतःच्या सवयीबद्दलही बोलायला हवं. मिरगाचा पाऊस लागला की गाभोळीनं पोट भरलेला मासा अंडी घालायला ओढ्यानं वर चढतो, पार भाताच्या खाचरापर्यंत. आपण नेमकी तेव्हाच ओढ्याच्या तोंडाला जाळी आडवी लावतो. चढणीच्या माशाची चव आम्हालाही ठाऊक आहे. पण अंडी घालण्याआधीच मादी मारली, तर पुढच्या साली जाळ्यात काय यायचं?

दुसरी गोष्ट डोहांची. उन्हाळ्यात नदी तुटली की मासा डोहातच तग धरतो. तिथंच उसासाठी मोटरी बसतात. ऊस जगवू नका असं कोण म्हणेल? तळाशी कमरेएवढं पाणी राहू द्या, एवढंच मागणं आहे. ज्या बंधाऱ्यांना बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) आहेत, ते पहिल्या पुराआधी काढले पाहिजेत, नाहीतर मासा खालीच अडकतो.

काही जण म्हणतात, ‘लोणावळ्याहून महसीर माशाची पिल्लं आणून सोडा, काम झालं.’ तिथलं टाटांचं केंद्र १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार करतंय, आणि काम मोठं आहे. आपल्या दख्खनी महसीरला संकटातल्या जीवांच्या जागतिक यादीत आता धोक्याबाहेरचं मानतात. पण हाच मासा कावेरीत सोडला आणि तिथला मूळचा कुबड्या महसीर मागे पडला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. म्हणून आमचं मत सरळ आहे : आधी डोह आणि चढण राखू, पिल्लांचा विषय जाणकारांना विचारून मग.

हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीला, देवळाच्या कुंडातल्या बोटभर माशासाठी महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. ती नदी पुढं आपल्याच संकेश्वरावरून जाते. आपल्या डोहांना सरकारी शिक्का नसला तरी देवस्की पंचांनी (गावच्या देवाचं बघणाऱ्या पंचांनी) शब्द दिला तर जाळं पडणार नाही, याची आम्हाला खात्री आहे.

मंडळाला हवं ते असं. मिरगापासून श्रावण संपेपर्यंत ओढ्यांच्या तोंडावर रात्रीची गस्त घालायला पोरं, त्यांच्यासाठी बॅटऱ्या, रेनकोट, गमबूट. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांतले फलक. काठावर लावायला करंज, उंबर, जांभळाची रोपं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या दोन-अडीच महिन्यांत जाळं बंद ठेवणाऱ्या भोई घरांना तांदूळ-डाळ. त्यांच्या पोटावर पाय देऊन मासा वाचवायचा नाही. भात, रोपं, जुने रेनकोट काहीही चालेल. रोख देणाऱ्यांनी दर घरामागं १०० रुपये द्यावेत, जास्तीला ना नाही. पावती मात्र मागून घ्यावी.

हिशेब गणपतीनंतर देवळात सर्वांसमोर वाचला जाईल.

आपलं नम्र,
नदीकाठचं युवक मंडळ