व्होल्टेज भागिले करंट, पण कोणत्या भागाचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यार्थ्यांच्या पुरवण्यांत आणि परीक्षांच्या सदरांत ‘व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे शक्ती’ एवढे सांगून लगेच उदाहरणे सुरू होतात. सूत्रे बरोबरच आहेत. त्यांच्यामागची अट मात्र क्वचितच छापली जाते, आणि मीटर हातात आल्यावरच्या बहुतेक चुका तिथेच होतात. सूत्रात घालायचे व्होल्टेज आणि करंट एकाच भागाचे हवेत, एकाच वेळी मोजलेले हवेत आणि तो भाग काम करत असतानाचे हवेत.

२३० व्होल्टचा, १०० वॉटचा तारेचा बल्ब घ्या. पेटलेला असताना तो ०.४३५ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध ५२९ ओहम. तोच बल्ब होल्डरमधून काढून, थंड असताना मल्टिमीटरला लावला तर ४० ओहमच्या आसपास आकडा येतो. आता २३०च्या वर्गाला ४०ने भागले (करंटऐवजी रोध माहीत असला की शक्ती अशी काढतात) की १,३२२ वॉट! मीटर बिघडलेले नसते. बल्बमधली टंगस्टनची तार तापली की तिचा रोध दहापटीहून अधिक वाढतो. आपण थंड तारेचा रोध घेऊन तापलेल्या तारेची शक्ती काढायला बसलो. जुने बल्ब बहुधा बटण दाबल्याच्या क्षणीच का जात, तेही यावरून कळते.

हीटरच्या नायक्रोम (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) कॉइलमध्ये थंड आणि गरम रोधातला फरक थोड्या टक्क्यांचाच असतो, म्हणून तिथे थंड मोजणी चालून जाते. तिथली चूक वेगळी. १,५०० वॉटचा हीटर २३० व्होल्टला ६.५२ अँपिअर घेतो. व्होल्टेज २०० झाले तर २००ला ६.५२ने गुणून १,३०४ वॉट लिहिणारे बरेच असतात. पण कायम राहतो तो रोध, ३५.३ ओहम. व्होल्टेजबरोबर करंटही उतरतो आणि शक्ती १,१३४ वॉटवर येते. व्होल्टेज १३ टक्के घटले, उष्णता २४ टक्के.

सर्वांत कळकळीने लिहायचे आहे ते सैल जोडाबद्दल. १६ अँपिअरचे उपकरण बोर्डापासून २० मीटर अंतरावर आहे, तार २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. जाण्या-येण्याची मिळून ४० मीटर तार, रोध सुमारे ०.३ ओहम. तिच्यात ७६ वॉट उष्णता होते, पण ती ४० मीटरभर पसरलेली. दर मीटर लांबीला दोन वॉटही येत नाहीत. आता प्लगमध्ये किंवा टर्मिनलच्या स्क्रूखाली जोड सैल आहे आणि त्याचा रोध फक्त ०.१ ओहम आहे. करंटचा वर्ग गुणिले रोध म्हणजे शक्ती: १६चा वर्ग २५६, गुणिले ०.१, म्हणजे साधारण २५ वॉट, आणि तेही नखाएवढ्या जागेत. २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकला सतत टेकवून ठेवावे तसे. प्लास्टिक काळे पडते, पितळेवर काजळी चढते, त्याने रोध आणखी वाढतो आणि उष्णताही. फ्यूज किंवा एमसीबी यात काहीच करत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

हा जोड मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर सापडत नाही. मीटरच्या लीडांचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. लोड चालू ठेवून त्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे व्होल्टेज मोजायचे. चांगल्या जोडावर थोडे मिलिव्होल्टच मिळतात, १.६ व्होल्ट मिळाले तर भागिले १६, म्हणजे ०.१ ओहम, आणि जोड बदलायलाच हवा. इथे २३० भागिले १६ करून १४.४ ओहम काढणे व्यर्थ. तो अख्ख्या सर्किटचा रोध झाला. हे मोजमाप जिवंत तारांवरचे आहे, त्यामुळे ते प्रशिक्षित माणसानेच करावे. ओहम रेंज मात्र चालू सर्किटवर कोणीही, कधीही लावू नये.

एलईडीच्या गणितातही हीच गफलत होते. पुरवठा १२ व्होल्ट, एलईडीवर ३ व्होल्ट, करंट २० मिलिअँपिअर. करंट आवरायला एलईडीच्या ओळीत जोडलेल्या रोधकावर उरतात ९ व्होल्ट. ९ भागिले ०.०२ म्हणजे ४५० ओहम, बाजारात मिळणारा पुढचा ४७०. शक्ती ०.१८ वॉट, म्हणून पाव वॉटचा काठावरचा रोधक न घेता अर्ध्या वॉटचा घ्यावा. १२ने गणित केले तर ६०० ओहम येतो आणि उजेड कमी पडतो, एवढेच. पण मिलिअँपिअरचे अँपिअर न करता ९ला २०ने भागले तर ०.४५ ओहम येतो आणि एलईडी तत्क्षणी जळतो.

मोटारीला गुणाकार जसाच्या तसा लावू नये. २३० व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे १,१५० व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर (या गुणाकारातला प्रत्यक्ष शक्तीचा हिस्सा) ०.७ असेल तर शक्ती ८०५ वॉट, आणि वीजमीटर युनिटे मोजतो ती याच हिशोबाने. तारेची जाडी मात्र पूर्ण ५ अँपिअर धरूनच ठरवावी. करंट क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारख्या बसणाऱ्या मीटरने) मोजत असाल तर जबड्यात एकच तार घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या की आकडा शून्य.

आपल्या पुरवणीसाठी विनंती एवढीच, की अशा प्रत्येक उदाहरणासोबत एक लहानसे चित्र छापावे: व्होल्टमीटरची दोन टोके नेमकी कुठे टेकली आहेत आणि अँमीटर कोणत्या तारेत आहे, हे दाखवणारे. जागा कमी असेल तर एक उदाहरण गाळावे, चित्र गाळू नये.

आपला,
वीजतंत्र शिकवणारा एक वाचक