छोटूने सांगितलं तसं काही नाही

उट्रेख्त,
रविवार, १२ जून २०२२

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी आजारी नाही, नोकरी शाबूत आहे, दोन वेळा जेवतो. छोटूला त्याच्या फोनवर दिसलं की मी चाळीस दिवस गेमला हात लावलेला नाही, आणि त्याने ते घरभर केलं. इतकी वर्षं तुम्ही सांगत होतात, ते गेम खेळणं बंद कर. आता बंद आहे तर तुम्हाला घोर. खरंच काही बिनसलेलं नाही. त्या गेमवरून मन उडालं, एवढंच.

तुम्हाला उगाच शंका नको म्हणून सांगतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सोनीने 'होरायझन झीरो डॉन' हा प्लेस्टेशनवरचा व्हिडिओ गेम सगळ्यांना फुकट दिला होता. तो बनवणारी गुरिला कंपनी इथलीच, ॲमस्टरडॅमची, माझ्यापासून रेल्वेने अर्ध्या तासावर. बाबा तेव्हा दवाखान्यात होते. इथे कोरोनामुळे रात्री दहानंतर घराबाहेर पडायला बंदी होती आणि २६ तारखेपासून भारतातून येणारी विमानंही बंद झाली. तुमच्याकडे दीड वाजलेला असायचा, आई, तुझा नुकता डोळा लागलेला असायचा, आणि छोटू व्हिडिओ कॉलवर माझा गेम बघत बसायचा. दवाखान्याचा विषय आम्ही दोघंही काढायचो नाही. टॉलनेक म्हणून जिराफासारखं एक प्रचंड यंत्र असतं त्यात, थाळीसारखं डोकं असलेलं. गेमची नायिका एलॉय पहिल्यांदा त्याच्या डोक्यावर चढली आणि सगळा मुलूख खाली पसरलेला दिसला, तेव्हा छोटू एवढ्याने ओरडला की तू उठून आलीस. आठवतंय?

ती एलॉय टोळीने वाळीत टाकलेली पोर. आपली आई कोण, हे शोधायला निघालेली. आणि तिच्या आधीचं जग कशाने बुडालं, तेही तुकड्यातुकड्याने कळत जायचं. 'अजून थोडं, दादा' म्हणत आम्ही पहाट करायचो.

दुसरा भाग, 'फॉरबिडन वेस्ट', १८ फेब्रुवारीला आला. त्याच दिवशी घेतला, ७० युरोला. बाबा, म्हणजे जवळजवळ सहा हजार रुपये. तेव्हा सांगितलं नव्हतं. गेमला नाव ठेवायला जागा नाही. माझ्या जुन्या प्लेस्टेशनवरही गवताचं पातं न् पातं हलतं, लास वेगास पाण्याखाली बुडालेलं दाखवलंय, प्रत्येक टॉलनेकवर चढायची युक्ती वेगळी. खूप मनापासून केलंय त्या लोकांनी. पण एलॉयला आता सगळं माहीत आहे. आई कोण ते कळलं, जग कसं बुडालं ते कळलं, आता हे आण, ते आण. नकाशाभर खुणा, आणि एकेक पुसत जायचं. पुढे काय करायचं तेही ती स्वतःशीच बोलून दाखवते, मग मी कशाला? छोटूची नोकरी सुरू झाली, त्याला रात्री जागता येत नाही. वेगासपर्यंत पोचलो, कंट्रोलर खाली ठेवला, तो पुन्हा उचलावासा वाटला नाही.

आणि मी एकटा बसून नसतो. काल ऑफिसमधल्या एकीच्या वाढदिवसाला गेलो होतो. इथली रीत तुम्हाला नीट सांगायला हवी, मला ती कळायलाच दोन वर्षं गेली. खुर्च्या गोल मांडतात. आत गेलं की खुर्चीखुर्चीपाशी थांबून हात मिळवायचा आणि 'खेफेलिसितेर्त' म्हणायचं, म्हणजे अभिनंदन. जिचा वाढदिवस फक्त तिचंच नाही. तिच्या आईचं, 'मुलीबद्दल अभिनंदन'. वडिलांचं, नवऱ्याचं, भावाचं, शेजारच्या आजींचंसुद्धा! मग केकचा एक तुकडा, कॉफी, आणि परत त्याच खुर्चीत. बारा माणसं होती, मी बारा वेळा म्हटलं. तिच्या आईचा हात हातात घेतला तेव्हा त्या बाई इतक्या खुलल्या! आई, २ मेला तू माझ्या नावाने शिरा केलास आणि फोन केलास. मी मीटिंग आहे म्हणून ठेवला. अभिनंदन तुझं करायचं राहिलं.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे ४०,००० शुक्रवारी पाठवलेत, मंगळवारपर्यंत जमा होतील. पाऊस लागायच्या आत काम उरका, पण गवंड्याला सगळे पैसे आधी देऊ नका. ताईच्या दागिन्यांतले दोन तोळे माझ्याकडून, ते कर्जात धरू नका. साखरपुड्याला मला येता येणार नाही. हे ताईला मीच सांगतो, तुम्ही आधी बोलू नका. कोल्हापूरच्या स्थळाची पत्रिका आणि फोटो पाहिला. नाही म्हणत नाहीये, आधी ताईचं होऊ दे. त्यांना ताटकळत मात्र ठेवू नका, तसं स्पष्ट कळवा.

बाबा, तुमची छातीची तपासणी राहिली आहे. या आठवड्यात जा, आणि बसने नको, रिक्षा करा. गेल्या वर्षी मी निघू शकलो असतो. विमानं बंद व्हायच्या आधी चार दिवस हातात होते. परत येता येणार नाही, नोकरी जाईल, म्हणून थांबलो. हे छोटूलाही ठाऊक नाही. ताईच्या लग्नासाठी १ डिसेंबरचं तिकीट काढलंय, बारा दिवसांची रजा आहे.

तुमचा,
दादा